मुंबई बंदराचं जुनं रंगीत छापचित्र: आधी आभाळ बघा, मग पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गिरगावातलं आजोबांचं बिऱ्हाड आवरताना काचेत मढवलेलं मुंबई बंदराचं एक चित्र हाती लागलं. काळं आभाळ, खवळलेलं पाणी, शिडाच्या होड्या. खालची इंग्रजी ओळ माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, अर्धी दडलेली, त्यातले ‘मान्सून’ आणि ‘बॉम्बे हार्बर’ एवढेच शब्द लागतात. ओळखीचे एकजण म्हणाले, दोनशे वर्षांपूर्वीची अस्सल अ‍ॅक्वाटिंट (तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) आहे. फ्रेमवाला म्हणतो, रंग उडालेत, धुवून नव्याने रंग भरून देतो. तर चित्र अस्सल आहे का, आणि रंग भरून घ्यावेत का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्याची घाई आहे. रंग भरून घेऊ नका. चित्र दुकानात दिलं असेल तर आजच परत आणा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर काचेवरून काढलेल्या फोटोवर देता येणार नाही, पण ते शोधायचं कसं हे सांगतो. कागदावरच्या जुन्या चित्रांचं जतन आणि दुरुस्ती हे माझं पंचवीस वर्षांचं काम आहे, आणि बंदरांची छापचित्रं त्यात वारंवार येतात.

‘अस्सल’ या एका शब्दात तुम्ही खरं तर चार गोष्टी विचारल्या आहेत. चित्र तांब्याच्या पत्र्यावरून छापलंय का? छापलं कधी? रंग कुणी, कधी भरला? आणि त्यानंतर त्या कागदावर काय काय गुदरलं? या चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी येऊ शकतात. पत्रा १८२६ चा, कागद त्यानंतर दहा-पंधरा वर्षांचा आणि रंग विसाव्या शतकातला, असंही चित्र मी हाताळलेलं आहे. म्हणून ‘अस्सल की नक्कल’ असा एका शब्दाचा निकाल मी कधी देत नाही.

तुम्ही सांगितलेले शब्द आणि वर्णन एका प्रसिद्ध चित्राशी जुळतं. मुंबई सैन्यातला अधिकारी कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले (पुढे ज्याच्या नावाची बँक झाली तोच) याने पश्चिम भारतातली दृश्यं, पोशाख आणि वास्तू यांचा एक मोठा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० या काळात लंडनमध्ये भागाभागाने प्रसिद्ध केला. त्यात ३६ रंगीत अ‍ॅक्वाटिंट आहेत आणि त्यातलं एक म्हणजे मुंबई बंदरावर चालून येणारा पावसाळा. मूळ चित्र विल्यम वेस्टॉलचं. हा चित्रकार इंग्रज दर्यावर्दी फ्लिंडर्सच्या ऑस्ट्रेलिया सफरीवर होता. तिथून चीनमार्गे तो १८०४ मध्ये मुंबईला आला. म्हणजे चित्रकाराने मुंबई पाहिली होती, पण छापील चित्र वीसएक वर्षांनी लंडनमध्ये तयार झालं. पत्रा तयार करणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या हातांनी आपली आगोट, म्हणजे पावसाळ्याचं तोंड, अनुभवली असण्याची शक्यता फारच कमी. तरीही गलबतं किनाऱ्याला घ्यायची वेळ झाली, ही कोळीवाड्यातली धांदल त्या आभाळात उतरते. म्हणून हे चित्र मला फार जवळचं आहे. तुमच्याकडचं तेच आहे असं मी म्हणत नाही. त्या संग्रहातून सुटं केलेलं पान, नंतरची छपाई, छापखान्यातली नक्कल, यातलं काहीही असू शकेल.

आता अ‍ॅक्वाटिंट म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर भिंगातून काय पाहायचं ते कळणार नाही. साध्या एचिंगमध्ये तांब्याच्या पत्र्यावरच्या लेपात सुईने रेघा ओढतात आणि त्या आम्लाने कोरल्या जातात. रेघेने होडी काढता येते, डोलकाठी काढता येते. ढगाची सावली किंवा ओल्या वाळूचा करडेपणा रेघेने काढायला गेलं तर सगळं जाळीजाळीचं होतं. त्यावर अठराव्या शतकात तोडगा निघाला. पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची किंवा स्पिरिटमध्ये विरघळवलेली राळ ओतून वाळू द्यायची, आणि मग पत्रा आम्लात घालायचा. राळेच्या कणाखालचं तांबं वाचतं, कणांमधल्या फटीतलं खाल्लं जातं. त्या फटींमध्ये शाई धरते आणि कागदावर रेघ न दिसता धुरकट, पाणचट छटा उमटते. फ्रान्समध्ये ज्याँ-बाप्तिस्त ल प्रिन्सने १७६८ च्या सुमारास हे तंत्र वापरात आणलं, आणि इंग्लंडमध्ये पॉल सँडबीने १७७५ मध्ये वेल्सच्या दृश्यांचा संच काढून ते रूढ केलं. ‘अ‍ॅक्वाटिंट’ हे नावही सँडबीचंच.

छटा गडद करायची तर पत्रा पुन्हा आम्लात जातो. त्याआधी जे भाग फिके ठेवायचे त्यांवर वॉर्निश लावून ते झाकतात. मग पुन्हा आम्ल, पुन्हा वॉर्निश. म्हणजे आभाळ पायऱ्यापायऱ्यांनी गडद होत जातं. ही पायरी लक्षात ठेवा, ओळख पटवायला तिचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

आणि रंग? त्या काळच्या इंग्रजी अ‍ॅक्वाटिंटमध्ये बहुतेक रंग छापलेला नसतोच. पत्र्यावर दोन, फार तर तीन शाया लावत. आभाळाला आणि दूरच्या डोंगरांना निळसर, पुढच्या भागाला तपकिरी. एवढं छापून झालं की प्रत्येक प्रत हाताने जलरंगात रंगवली जाई. हे काम करणारे बहुतेक कारागीर निनावी असत, त्यांत स्त्रिया आणि मुलंही पुष्कळ. समोर एक नमुना रंगवून ठेवलेला असे आणि त्याबरहुकूम रंग भरायचा. म्हणून एकाच पत्र्याच्या दोन प्रतींत आभाळाचा निळा थोडा वेगळा दिसला तर दचकू नका. हातकामात तेवढा फरक राहणारच.

भिंग घेऊन बसाल तेव्हा होड्यांपासून सुरुवात करू नका. सगळे तिथूनच करतात, कारण होडी ओळखीची असते. होडीची रेघ कुणालाही उतरवता येते. आभाळ उतरवता येत नाही. दहापटीचं साधं घड्याळजीचं भिंग घ्या आणि ढगाच्या कडेवर धरा. अ‍ॅक्वाटिंट असेल तर लहान लहान पांढरे ठिपके आणि त्यांना वेढणारी काळसर जाळी दिसेल. कोरडा पडलेला तळ्याचा गाळ भेगाळतो तशी. या जाळीलाच आम्ही दाणा म्हणतो. ती अनियमित असते, एका ठिपक्यासारखा दुसरा नसतो. मग भिंग हळूहळू फिक्या ढगाकडून गडद ढगाकडे न्या. जाळी तीच राहील, पण एका ठिकाणी एकदम घट्ट होईल आणि तिथे ब्रशने ओढल्यासारखी स्पष्ट कड दिसेल. ती वॉर्निशची कड. कारागीर पत्र्याशी तिथे थांबला होता.

त्यानंतर पाण्यावर या. लाटांचा पांढरा फेस हा बहुधा कोरा कागद असतो, सुरुवातीलाच वॉर्निशने राखलेला. फेसावर पांढरा रंग चढवलेला दिसला तर सावध व्हा. झिंक व्हाइट हा पांढरा जलरंग ‘चायनीज व्हाइट’ या नावाने १८३४ मध्ये बाजारात आला. १८२६ च्या प्रतीवर तो सापडला तर कुणीतरी नंतर हात फिरवलाय हे नक्की.

आता फसवणारे नातेवाईक. रंगांचे ठिपके ओळीत, फुलासारखे नियमित दिसले तर ती ऑफसेट छपाई. कॅलेंडरातून कापून मढवलेली अशी चित्रं मुंबईतल्या घरांत खूप आहेत, आणि काचेआड ती छान फसवतात. लिथोग्राफमध्ये, म्हणजे दगडावर काढून छापलेल्या चित्रात, खडूच्या दाण्यासारखा पोत असतो आणि शाई कागदावर सपाट बसलेली असते. खरी अडचण कोलोटाइप आणि फोटोग्रॅव्ह्यूर या फोटोवरून छापायच्या दोन पद्धतींची. कोलोटाइपमध्ये जिलेटिनच्या थराला बारीक सुरकुत्या पडतात, आणि त्यांची नागमोडी जाळी पहिल्या नजरेला अ‍ॅक्वाटिंटसारखीच वाटते. कामाला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी अशाच एका बंदराच्या चित्राला जाळी पाहून अ‍ॅक्वाटिंट ठरवलं होतं. माझ्या गुरूंनी ते भिंगाखाली धरून एकच प्रश्न विचारला, “पायरी कुठेय?” पायरी नव्हती. ढग फिक्यापासून काळ्यापर्यंत फोटोसारखा अलगद वितळत गेला होता. फोटोग्रॅव्ह्यूरमध्ये तर राळेचा दाणाही खरा असतो आणि पत्राही तांब्याचा असतो, पण छटा फोटोतून आलेली असल्याने वॉर्निशची कड तिथेही सापडत नाही. त्या दिवसापासून मी दाणा पाहून थांबत नाही, कड शोधतो.

पत्र्याचा दाब, म्हणजे चित्राभोवती कागदावर उठलेला चौकोनी खळगा, याला लोक फार महत्त्व देतात. असला तर चांगलंच. पण जुन्या प्रतींच्या कडा मढवताना बऱ्याचदा कापल्या जातात, आणि खोटा दाब उठवणं अवघडही नाही. त्यामुळे तो नसला म्हणून चित्र बाद होत नाही आणि असला म्हणून खरं ठरत नाही.

आता छपाई कधीची हा प्रश्न. माउंट काढल्यावर खालचा मजकूर वाचा. इंग्लंडमध्ये १७३५ च्या कायद्याने छापचित्रांना हक्कसंरक्षण मिळालं, आणि त्यासाठी पत्र्यावर हक्कदाराचं नाव आणि प्रसिद्धीची तारीख कोरायची पद्धत पडली. ही तारीख पत्र्याची असते, तुमच्या प्रतीची नव्हे. प्रतीचं वय कागद सांगतो. कागद खिडकीशी धरला की जलचिन्ह दिसतं, म्हणजे वॉटरमार्क. त्या काळातल्या चांगल्या कामांना व्हॉटमन या इंग्रजी नाममुद्रेचा कागद वापरत आणि १७९४ नंतर इंग्रजी कागदात साल घालायची चाल होती. पत्र्यावर १८२६ आणि कागदात १८२५ असेल तर जोडी जुळली. कागदात १८३५ निघालं तर प्रत नंतरची. मोठ्या तावाचे तुकडे केलेले असल्याने जलचिन्ह प्रत्येक तुकड्यात येत नाही, तेव्हा ते न दिसणं हा काहीच पुरावा नाही. नंतरची प्रत खोटी नसते, फक्त बहुधा फिकी असते. अ‍ॅक्वाटिंटचा दाणा उथळ असतो, काहीशे प्रती निघाल्या की तो झिजायला लागतो. आधी जातं ते आभाळच. मग ती उणीव झाकायला रंग जाड लावतात.

नोटा तपासायचा अतिनील दिवा कुठेही मिळतो. काच काढून, अंधारात कागदावर धरा. कागद पांढराशुभ्र निळसर चमकला तर त्यात चकाकी आणणारी रसायनं आहेत, म्हणजे तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जुना चिंध्यांचा कागद मंद, मळकट दिसतो.

मुंबईचं जुनं रंगीत दृश्य म्हणजे अ‍ॅक्वाटिंटच, हेही गृहीत धरू नका. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला, पुण्याच्या दरबारात त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढली, गंगाराम तांबटांसारखा चित्रकार त्याच्या सहवासात काम करत होता. वेल्सने मुंबई बेटाची १२ दृश्यं केली, ती एचिंग आहेत, वर हाताने रंगवलेली. रेघ बोलते, दाणा नाही. तो १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनं मात्र थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम यांनी १८०३ मध्ये अ‍ॅक्वाटिंटमध्ये काढली. होझे गोन्साल्विसची १८२६ ची मुंबईची दृश्यं लिथोग्राफ आहेत. ही सगळीच मोलाची आहेत. तुमचं चित्र अ‍ॅक्वाटिंट नाही असं निघालं तर हिरमुसू नका.

सवड मिळाली तर विल्यम डॅनियलची ब्रिटनच्या किनाऱ्याची चित्रं जरूर पहा. १८१४ ते १८२५ या काळात त्याची ३०८ अ‍ॅक्वाटिंट प्रसिद्ध झाली आणि सगळे पत्रे त्याने स्वतः केले. बंदरांमागून बंदरं आहेत, पण रंग किती थोडे! करडा, निळसर, मातकट, आणि मध्येच एखाद्या सदऱ्याचा लाल ठिपका. अस्सल रंग कसा असतो याची नजर मला त्या चित्रांनी दिली. जलरंग इतका पातळ असतो की खालचा दाणा श्वास घेताना दिसतो. नंतर भरलेला रंग दाणा बुजवतो, रेघेबाहेर जातो, आणि समुद्र पोस्टरसारखा निळा करून टाकतो.

आता तुमच्या चित्राचे ‘उडालेले’ रंग. त्यातले सगळे उडालेले नसतील. हिरवा रंग तेव्हा नीळ किंवा प्रशियन ब्लू आणि गॅम्बोजसारखा पिवळा यांच्या मिश्रणातून करत. उजेडाने पिवळा आधी जातो, निळा मागे राहतो. म्हणून पलीकडच्या तीरावरची झाडं निळी दिसतात. किरमिजी लाल जवळजवळ नाहीसा होतो. आभाळाच्या कडेला पांढऱ्याची काळी धार दिसत असेल तर ते शिसं असलेलं पांढरं, हवेतल्या गंधकाने काळवंडलेलं. खात्री करायची सोपी जागा म्हणजे माउंटखाली दडलेली कड. तिथे उजेड पोचलेला नसतो. एका चित्रात मी माउंट उचलला तेव्हा बोटभर रुंदीची निळी पट्टी निघाली आणि उरलेलं सगळं आभाळ राखाडी. घरातल्या आजी बराच वेळ त्या पट्टीवरून नजर हलवेनात. आम्ही ती तशीच ठेवली. मूळ रंगाचा तेवढाच साक्षीदार उरला होता.

यावरून रंग का भरायचा नाही ते कळेल. उडालेल्या रंगाचा पातळ थर अजून दाण्यात अडकलेला असतो. त्यावर नवा रंग बसला की तो काढताना जुनाही जातो. धुण्याचं तर नावच नको. हाताने भरलेला जलरंग पाण्यात सुटतो. ब्लीचने डाग जातात, पण कागदाचा तंतू कमजोर होतो. ‘आम्ल काढून देतो’ असं कुणी म्हटलं तरी जपून, कारण त्यासाठीचं द्रावण अल्कधर्मी असतं आणि प्रशियन ब्लू त्यात तपकिरी पडतो. बंदराच्या चित्रात अर्धं पान निळंच असतं. एका दुकानात असं ‘स्वच्छ’ होऊन आलेलं चित्र मी पाहिलं आहे. समुद्र चहाच्या रंगाचा झाला होता आणि त्यावर मला काहीही करता आलं नाही.

मग करायचं काय, हे चित्राच्या अवस्थेवर अवलंबून आहे. कागद प्लायवूडला किंवा हार्डबोर्डला पांढऱ्या गोंदाने पूर्ण चिकटवलेला असेल तर स्वतः सोडवू नका, ते प्रशिक्षित माणसाचं काम. बुरशीची पूड दिसत असेल किंवा कसर लागली असेल तर आधी ते थांबवायला हवं. पण चित्र नुसतं कडांवर टेकवलेलं असेल तर उपाय साधा आहे. आम्लमुक्त माउंटबोर्ड, गव्हाच्या खळीने लावलेल्या पातळ जपानी कागदाच्या बिजागऱ्या, काच आणि चित्र यांच्यात अंतर, आणि अतिनील किरण अडवणारी काच. खळ पुढे कधीही ओलाव्याने सोडवता येते, सिंथेटिक गोंद येत नाही. तपकिरी ठिपके तसेच राहू द्या, ते त्या कागदाच्या वयाचा भाग आहेत. मदत हवी असेल तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला जतन केंद्रात चौकशी करा.

भाऊ परदेशात आहे, त्याला पाठवायचा विचार आहे असंही तुम्ही लिहिलंय. चित्र शंभर वर्षांपेक्षा जुनं ठरलं तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली ते पुरावशेषात येऊ शकतं, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. नक्कल असेल तर पुरावशेष नसल्याचा दाखला मिळवून पाठवता येईल. म्हणून वय ठरल्याशिवाय पार्सल बांधू नका. किमतीबद्दल मी काही सांगणार नाही. ती या चार प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, आणि ती उत्तरं अजून आपल्याकडे नाहीत.

सध्या एवढंच करा. पाऊस सुरू व्हायच्या आत चित्र बाहेरच्या भिंतीवरून उतरवा. ओल त्या भिंतीतूनच येते, आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कपाटाच्या खाली नको, स्वयंपाकघराजवळ नको. आतल्या भिंतीला, खिडकीच्या उजेडापासून दूर, मागे थोडी हवा खेळेल असं ठेवा. मग काच काढता आली तर दिवा एका बाजूने आडवा धरून चार फोटो काढा: एक पूर्ण पानाचा, एक माउंटखालच्या कडेचा, एक खालच्या मजकुराचा, आणि एक भिंगातून, जिथे सगळ्यात काळा ढग त्याच्या शेजारच्या फिक्या ढगाला भिडतो तिथला. हा शेवटचा फोटो नीट आला तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी तुम्हाला त्यावरून देऊ शकेन.